आधी पाणी मोजा, मग गिझर निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात चौघे, दोन बाथरूम, एक स्वयंपाकघर. २५ लिटरच्या जुन्या गिझरखालून पाणी ठिबकतंय, म्हणून नवा घ्यायचाय. गच्ची मोकळी आहे, गॅसची सोयही आहे. इन्स्टंट, स्टोरेज, गॅस, सोलर, हीट पंप, यांत सगळ्यांत कार्यक्षम कोणता? दुकानात जो तो आपल्याच यंत्राला ९९ टक्के कार्यक्षम म्हणतोय.

तो ९९ टक्क्यांचा आकडा खोटा नाही, पण निवड करायला त्याचा काडीचा उपयोग नाही. कॉइलमधून गेलेल्या विजेला उष्णता होण्यावाचून दुसरी वाटच नसते. बादलीत सोडायची साधी हीटर रॉडसुद्धा घेतलेली जवळजवळ सगळी वीज पाण्यालाच देते. (म्हणून रॉड वापरा असं म्हणत नाहीये. पाण्यात उघडी वीज सोडण्याचा तो प्रकार आहे, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, नसलेल्या घरात तर नकोच.) फरक पडतो तो पाणी तापल्यानंतर. ते टाकीत किती तास पडून राहतं, नळापर्यंत किती लांब जातं, अंगावर किती पडतं आणि पाईपात किती गार होतं, यावर बिल ठरतं. वीसेक वर्षं ही यंत्रं बसवतोय आणि दुरुस्त करतोय. चुकीचं यंत्र घेतलेली घरं पाहिली, पण चांगलं यंत्र भलत्याच जागी टांगलेली घरं त्याहून जास्त पाहिली.

तेव्हा आधी हिशेब. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. यात कुठलीही कंपनी सूट देऊ शकत नाही. दुसऱ्या भाषेत, १ युनिट (१००० वॅट-तास) विजेत साधारण ४३ लिटर पाणी २० अंशांनी वर जातं. नळाचं पाणी २० अंश आणि अंघोळीला ४० अंश धरलं, तर ४० लिटरच्या अंघोळीला ०.९३ युनिट. नळाचं पाणी १२ अंशांवर उतरलं की त्याच अंघोळीला १.३ युनिट. थंडीत बिल वाढतं ते गिझर बिघडला म्हणून नव्हे. त्याला चढायचा चढ मोठा होतो म्हणून.

आता शॉवरखाली बादली ठेवा आणि एक मिनिट पाणी सोडा. १० लिटर भरलं आणि अंघोळ आठ मिनिटांची असेल, तर ८० लिटर झाले, म्हणजे पावणेदोन युनिटांच्या वर. तोच शॉवर मिनिटाला ६ लिटरचा बसवला तर खर्च ४० टक्क्यांनी उतरतो, आणि गिझरला हातही लावावा लागत नाही. मी गिऱ्हाईकाच्या घरी गेलो की पहिली मागणी बादलीचीच करतो. लोकांना वाटतं, हा गिझर बघायला आलाय की धुणं धुवायला.

दुसरी मोजणी टाकीची. संध्याकाळी गिझर पूर्ण तापू द्या, बंद करा, थर्मामीटर धरून नळाच्या पाण्याचं तापमान लिहून ठेवा. सकाळी कॉइल न लावता पहिलं गरम पाणी पुन्हा मोजा. (पाईपातलं गार पाणी आधी जाऊ द्या, नाहीतर पाईपच मोजाल.) २५ लिटरची टाकी १२ तासांत ६० वरून ५२ वर आली, तर ८ अंश गुणिले २५ लिटर गुणिले १.१६, म्हणजे २३० वॅट-तासांच्या आसपास हवेत गेले. हे ठीक आहे. तीच टाकी ४० वर आली असेल तर इन्सुलेशन गेलंय. नव्या यंत्रावर चोवीस तासांची उष्णता-गळती युनिटांत छापलेली असते. विजेच्या स्टोरेज गिझरवरचा खरा वाचण्यासारखा आकडा तो आहे.

इथे एक वाद मी शेकडो वेळा घातलाय. ‘गिझर सारखा चालू ठेवला तर वीज कमी लागते, कारण थंड पाणी पुन्हा तापवावं लागत नाही.’ नाही. टाकी बाहेर किती उष्णता सोडते हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. टाकी गार होत गेली की गळतीही कमी होत जाते. तुम्ही तिला ६० वरच धरून ठेवली की गळती सतत सगळ्यांत जास्त राहते. पुन्हा तापवायला जी वीज लागते ती आधी गेलेल्या उष्णतेएवढीच असते, एक कणही जास्त नाही. अंघोळीच्या अर्ध्या-पाऊण तास आधी लावणारा टायमर हा त्यावरचा साधा इलाज आहे.

तिसरी मोजणी पाईपची, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित. आतून १५ मिलिमीटरच्या पाईपात मीटरमागे पावणेदोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी मावतं, २० मिलिमीटरच्या पाईपात ३१४ मिलिलिटर. एका घरात गिझर वर आणि स्वयंपाकघराचा नळ १८ मीटर लांब, पाईप २० चा. म्हणजे गरम पाणी येण्याआधी साडेपाच लिटर थंड पाणी सिंकमध्ये जायचं. कुणी एवढा वेळ थांबत नाही. चमचा धुतला, नळ बंद. टाकीतलं गरम पाणी निघालं, पाईपभर पसरलं आणि तिथेच गार झालं. दिवसातून वीस वेळा हेच. त्यांनी ‘वीज खातो’ म्हणून दोन वर्षांत दोन गिझर बदलले होते. मी सिंकखाली ३ लिटरचा छोटा इन्स्टंट लावून दिला आणि वरून येणारी लाईन बंद केली. मिक्सर नळाची दांडी मधोमध ठेवायची सवय असेल तर हे नुकसान नकळत होतं, कारण हात धुताना दर वेळी अर्धं पाणी गरम लाईनमधून येतं.

एवढं हातात आलं की यंत्रांकडे वळायला हरकत नाही.

इन्स्टंट गिझरची टाकी जेमतेम १ ते ३ लिटरची, त्यामुळे साठवणीतली गळती नसल्यात जमा. पण घरगुती ३ किलोवॅटचा इन्स्टंट पाणी २० अंशांनी चढवायचं असेल तर मिनिटाला २ लिटरच देऊ शकतो, ३० अंशांनी चढवायचं असेल तर १.४ लिटर. सिंकला हे छान. बादली भरायला दहा-पंधरा मिनिटं थांबायची तयारी असेल तरीही चालेल. शॉवरला मात्र नाही. मिनिटाला ८ लिटरचा शॉवर २५ अंशांनी तापवत ठेवायला १४ किलोवॅट लागतात; त्यासाठी वायर, एमसीबी, बहुतेक वेळा कनेक्शनच बदलावं लागतं. ‘इन्स्टंट’ या शब्दाला भुलून शॉवरवर तो लावला की कोमट धार येते, आणि दोष मग यंत्राला.

स्टोरेज गिझरचं गणित विसणावर चालतं. ६० अंशांच्या पाण्यात २० अंशांचं विसण समसमान घातलं की ४० अंश. म्हणजे २५ लिटरची टाकी कागदावर ५० लिटर देते, प्रत्यक्षात ४० ते ४५, कारण गरम पाणी निघत असताना खालून थंड पाणी आत येतं आणि थोडं मिसळतंच. उभ्या टाकीत ही मिसळ कमी होते: गरम थर वर, थंड थर खाली. आडव्या टाकीत ते दोन थर एकमेकांवर पसरतात आणि पाणी लवकर कोमट होतं. जागा असेल तर उभाच घ्या. २ किलोवॅटच्या कॉइलला २५ लिटर २० वरून ६० वर न्यायला ३५ मिनिटं लागतात, त्यामुळे एकापाठोपाठ चार अंघोळी एका २५ लिटरवर निघत नाहीत.

थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला कॉइल बंद करणारा भाग, किती अंशांवर ठेवावा? कमी ठेवला की गळती कमी, क्षारही कमी. पण लीजनेला नावाचा जिवाणू आहे. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला माजी सैनिकांच्या संमेलनात न्यूमोनियाची साथ आली, तेव्हा तो उजेडात आला. साधारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात तो वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. ६० अंशांवर तो काही मिनिटांत मरतो. म्हणून मोठी टाकी, जिच्यात पाणी दिवसेंदिवस राहतं, ती ६० वर ठेवा. मात्र ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही पाचेक सेकंदांत भाजतं, आणि लहान मुलांची, म्हाताऱ्यांची कातडी त्याहून नाजूक. टाकी ६० वर आणि नळाशी तापमान बांधून देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह, ही जोडी धरा. छोटी टाकी रोज तापवून रोज रिकामी होत असेल आणि घरात आजारी माणूस नसेल, तर मी ५५ वर समाधानी असतो.

गॅसचा हिशेब वेगळा. १ किलो एलपीजीत सुमारे १२.८ युनिटांएवढी उष्णता असते. चांगला गॅस गिझर त्यातली ८० टक्के पाण्याला देतो, म्हणजे किलोमागे दहा युनिट. पाईपच्या गॅसचं घनमीटरमागे आठ. तेव्हा १ किलो एलपीजी तुम्हाला १० युनिट विजेपेक्षा स्वस्त पडतो का, एवढंच बघा. भाव कुठेही, कधीही बदलले तरी हे गणित टिकतं. गॅस गिझर शॉवरला सरळ सलग पाणी देतो, टाकी नाही, थांबणं नाही. सतत तेवणारी पायलट ज्योत असलेला जुना नमुना मात्र नको. ती ज्योत दिवसरात्र गॅस खाते.

आणि गॅस गिझर बाथरूमच्या आत लावायचा नाही. इथे मी गिऱ्हाईकाचं ऐकत नाही, काम सोडून येतो. शॉवरपुरता गॅस गिझर दहा मिनिटांच्या अंघोळीत सुमारे २ घनमीटर हवा जाळायला घेतो. छोट्या बाथरूममध्ये सगळी मिळून हवाच ७-८ घनमीटर असते. प्राणवायू कमी पडू लागला की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाचं डोकं दुखतं, गरगरतं, नाहीतर नुसतं झोप आल्यासारखं वाटतं. ‘गिझर’ हे नाव घरगुती यंत्राला चिकटलं ते १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉनच्या गॅसवरच्या यंत्रामुळे. नाव घेतलं आइसलंडमधल्या उसळत्या गरम झऱ्यावरून. त्या यंत्राला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. यंत्र बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावा, नाहीतर हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा बंदिस्त प्रकार घ्या. खिडकी किलकिली ठेवणं हा उपाय नाही.

हीट पंप मला मनापासून आवडतो, कारण १०० टक्क्यांची भिंत ओलांडणारा तोच. तो उष्णता तयार करत नाही, हवेतली उचलून पाण्यात टाकतो. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तेच काम, फक्त जाळी पाण्याला टेकलेली. १ युनिट विजेत अडीच ते चार युनिट उष्णता मिळते. कोळशाच्या वीजकेंद्रात कोळशातल्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्साच वीज होऊन बाहेर पडतो. कॉइलने तीच वीज पुन्हा उष्णता करणं म्हणजे दोन तृतीयांश आधीच गमावून बसणं. हीट पंप ते गमावलेलं परत आणतो.

पण त्याच्या अटी आहेत. हवा जितकी गार आणि पाणी जितकं जास्त तापवायचं, तितका तो दमतो. तो सावकाश चालतो: २०० लिटर २० वरून ५५ वर न्यायला अडीच किलोवॅट उष्णतेचा पंप तीन-सव्वातीन तास घेतो. काँप्रेसरचा आवाज येतो, गार हवा बाहेर फेकली जाते, म्हणून बंद कपाटात कोंबला तर स्वतःच गार केलेली हवा पुन्हा ओढत बसतो. झोपायच्या खोलीच्या भिंतीवर तर नकोच. आणि सेटिंग बघा. बऱ्याच यंत्रांत मदतीला साधी कॉइल असते आणि ‘लवकर तापवा’ या पर्यायावर ती लागते. एका घरात पंप बसवून वर्ष झालं तरी बिल हललं नव्हतं. यंत्र पहिल्या दिवसापासून कॉइलवरच चालू होतं.

सोलरचा धडा शंभर वर्षांहून जुना आहे. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केंपने १८९१ मध्ये काचेच्या पेटीतल्या काळ्या टाक्यांचं पेटंट घेतलं. दिवसा पाणी तापायचं, रात्री त्याच काचेतून उष्णता निघून जायची. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने ऊन घेणारा भाग वेगळा केला आणि टाकी इन्सुलेशन करून त्याच्या वर ठेवली. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, गार खाली उतरतं, पंप लागत नाही. आजही टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा उंच ठेवतात तो यासाठी. स्वच्छ दिवशी चौरस मीटरवर ५ युनिट ऊन पडलं आणि त्यातलं ४५ टक्के पकडलं, तर २ चौरस मीटरचं पॅनेल साडेचार युनिट देतं, म्हणजे १०० लिटर जवळजवळ ३९ अंशांनी वर. ढगाळ दिवशी यातलं बरंच जातं.

सोलर फसतो तो उन्हाने नव्हे, मदतीच्या कॉइलने. टाकी २०० लिटरची, कॉइल तळाशी, थर्मोस्टॅट ६० वर, बटण कायम चालू. सगळे रात्री अंघोळी करतात, टाकीत थंड पाणी शिरतं, कॉइल रात्रभर २०० लिटर तापवते. सकाळी ऊन येतं तेव्हा पाणी आधीच गरम, पॅनेलला करायला काम उरत नाही. लोक म्हणतात सोलर चालत नाही. त्याला चालूच दिलेलं नसतं. कॉइल टाकीच्या वरच्या भागात हवी आणि ऊन मावळल्यावरच टायमरने लागायला हवी. त्याहून चांगलं म्हणजे सोलरचं पाणी पुढे बाथरूममधल्या छोट्या गिझरमधून न्यायचं. पाणी पुरेसं गरम आलं तर गिझरचा थर्मोस्टॅट लागतच नाही. कोमट आलं तर उरलेले दहा-पंधरा अंश तो भरतो. फक्त तो गिझर गरम पाणी आत घ्यायला चालणारा आहे ना, हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या.

जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्याबद्दल एक गैरसमज दूर करतो. कॉइलवर क्षारांचा थर बसला की विजेचा गिझर जास्त वीज खातो, असं सर्रास सांगितलं जातं. कॉइल पाण्यातच बुडालेली आहे. उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाते. नुकसान होतं ते कॉइलचं: थराखाली ती जास्त तापते आणि जळते. गॅस गिझर आणि हीट पंप यांत मात्र थरामुळे कार्यक्षमता खरोखर पडते, कारण गॅसमध्ये पाण्यात न गेलेली उष्णता धुराबरोबर निघून जाते, आणि पंपाला तेवढंच पाणी तापवायला जास्त तापमानावर राबावं लागतं. सपाट पॅनेलच्या बारीक नळ्या तर तुंबतातच. पाणी जड असेल तर सोलरला हीट एक्स्चेंजरवाला प्रकार घ्या (त्यात नळाचं पाणी पॅनेलच्या नळ्यांत जातच नाही), आणि स्टोरेज टाकीचा अॅनोड रॉड, म्हणजे आत बसवलेली धातूची कांडी, दर दोन-तीन वर्षांनी काढून बघा. टाकीऐवजी स्वतः झिजणं हेच त्याचं काम. तो संपला की गंज टाकीला लागतो.

आता तुमचं घर. चौघांच्या ४० लिटरप्रमाणे रोज ३.७ युनिट उष्णता लागणारच. प्रत्येक बाथरूममध्ये नळाला लागून २५ लिटरचा उभा गिझर आणि टायमर लावला, तर गळती धरून रोज ४ युनिटांच्या आसपास. २०० लिटरचा हीट पंप लावला तर त्याच्या मोठ्या टाकीची गळती एखाद-सव्वा युनिट आणि लांब पाईपची अर्धा युनिट मिळवा. साडेपाच युनिट भागिले २.८ (विजेच्या एका युनिटमागे पंप देतो ती उष्णता), म्हणजे दोनच्या जरा खाली. बचत निम्मी, जाहिरातीतली दोन तृतीयांश नव्हे. शॉवर मोठे असतील, पाहुणेरावळे असतील, वापर दुप्पट असेल तर पंपाचं पारडं आणखी जड होतं. दोघंच राहत असाल तर टाकीची आणि पाईपची गळती मिळून वापराच्या बरोबरीला येते, आणि मी पंप सुचवणार नाही.

गच्चीवर दिवसभर सावली नसेल आणि बाथरूम थेट खाली असेल, तर मी सोलर लावेन, पाईप १५ चा, त्यावर जाड इन्सुलेशन, आणि दोन्ही बाथरूममध्ये मदतीला १० ते १५ लिटरचे गिझर. शेजारच्या इमारतीची सावली दुपारी पडत असेल तर हीट पंप. घर भाड्याचं असेल तर दोन छोटे स्टोरेज, बाकी काही नको. सिंकखाली तिन्ही बाबतींत वेगळा छोटा इन्स्टंट.

पण खरेदीआधी स्टुलावर चढून, मेन बंद करून, ते ठिबकणारं पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा. २५ लिटर पाणी २० वरून ६० वर गेलं की फुगून ३८० मिलिलिटर जास्त होतं, आणि ते सेफ्टी व्हॉल्व्हच्या छोट्या भोकातून बाहेर पडतं. गिझर तापत असतानाच ठिबकत असेल आणि नंतर थांबत असेल, तर बिघाड काहीच नाही. ते भोक मात्र कधीही बुजवू नका. कॉइलच्या प्लेटभोवती ओल असेल तर गास्केट, म्हणजे तिथली रबरी चकती, बदलून भागेल. पाणी बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातून येत असेल आणि त्याला गंजाचा रंग असेल, तरच टाकी गेली असं समजा.